जोराचा वारा आणि जोडहोडी

(दहावी १९९७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने यंदा एक चांगला नियम केला आहे. नोकरी, पगार, मुलांचे मार्क आणि स्वतःची गुडघेदुखी हे चार विषय सोडून कशावरही बोलायचं. त्यामुळे माझं सॉफ्टवेअर पहिल्याच फेरीत बाद झालं. उरलं ते एकच, शिडाची होडी. मी गेली चौदा वर्षं नेदरलँड्समध्ये राहते आणि त्यातली आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी शिडाची होडी चालवते. शर्यतीतली, छोटी, दोन माणसांची.

तुमच्यातले काही जण आत्ताच एकमेकांकडे बघून हसले, ते मला दिसलं. हसण्यासारखं आहेच. आपली शाळा खाडीपासून पाच मिनिटांवर. आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी होड्या होत्या. पण मी दहावी होईपर्यंत शिडाच्या होडीत एकदाही बसले नव्हते. मुलींनी मासळीची पाटी उचलायची, बाजारात बसायचं, हिशेब ठेवायचा. होडीत चढायचं नाही. कोणी रागावून सांगितलेलं नव्हतं. तसं असतंच, एवढंच माहीत होतं. पाण्यावर जायला मला सातासमुद्रापार जावं लागलं, ही त्यातली गंमत.

आता होडीची ओळख करून देते. तिचं नाव हॉबी सिक्स्टीन. हॉबी आल्टर हा कॅलिफोर्नियातला सर्फबोर्ड बनवणारा माणूस. त्याने १९७० च्या सुमारास ही होडी बाजारात आणली आणि आजवर जगभरात एक लाखाहून जास्त होड्या बनल्या. इंग्रजीत हिला कॅटामरान म्हणतात. तो शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम्, म्हणजे बांधलेले ओंडके. ओंडके मात्र हिच्यात नाहीत. केळ्यासारखी वाकलेली दोन अरुंद होडकी शेजारी शेजारी ठेवायची, वर आडवे दांडे टाकून जोडायची आणि मध्ये जाळी ताणायची. आपण त्या जाळीवर बसतो. मी तिला जोडहोडी म्हणते. आपल्याकडे होडीला बाजूने उलांडी लावतात, ती कशासाठी हे तुम्हाला सांगायला नको. हिच्यात उलांडीच होडीएवढी मोठी केली आहे असं समजा.

लांबी पाच मीटरच्या थोडी वर, रुंदी सुमारे २.४ मीटर, वजन १४५ किलो. आणि एवढ्याशा होडीवर डोलकाठी आठ मीटरची, शिडं दोन, मिळून सुमारे २० चौरस मीटर. म्हणजे एका मध्यम खोलीची फरशी उभी करून वाऱ्यात धरल्यासारखं. हलक्या वाऱ्यात याचा आनंद आहे. वारा वाढला की हीच फरशी अडचण होते.

किती अडचण, ते बघू. आपल्याला सरांनी तरफ शिकवली होती. टेकू, बल, भार. जोडहोडीत टेकू म्हणजे वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूचं होडकं. वारा शिडाला ढकलतो आणि होडी त्या टेकूवर उलटवायला बघतो. तिला खाली धरून ठेवायला दोनच गोष्टी आहेत, होडीचं स्वतःचं वजन आणि आपलं वजन. आपलं वजन जास्तीत जास्त लांब न्यायचं म्हणून कमरेला पट्टा बांधून, डोलकाठीवरून आलेल्या तारेला तो अडकवून, होडीच्या काठावर पाय रोवून आपण बाहेर आडवे होतो. याला ट्रॅपीझ म्हणतात. पाठीखाली फक्त पाणी.

माझी जोडीदार एका रुग्णालयात परिचारिका आहे. आमचं दोघींचं मिळून वजन ११८ किलो. या होडीच्या शर्यतींच्या नियमांनुसार जोडीचं वजन किमान सुमारे १२९ किलो हवं. कमी भरलं तर फरकाचं वजन होडीवर बांधून न्यावं लागतं. म्हणजे आम्ही नियमाच्या तळालाही पुरत नाही. आमच्या समोरच्या पुरुषांच्या जोड्या सहज दीडशेच्या वर.

म्हणून वारा जरा वाढला की एका क्लबात आम्हाला एक वाक्य हमखास ऐकायला मिळे: "आज तुम्ही दोघी किनाऱ्यावरच थांबा." बोलणारे प्रेमानेच बोलत. पण नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर वारा वाढत नाही असा दिवस शोधावा लागतो. जोराच्या वाऱ्यात थांबायचं ठरवलं तर होडी विकून टाकलेली बरी.

मी कागद घेतला आणि तरफेचं गणित मांडलं. होडीचे १४५ किलो, टेकूपासून साधारण १.२ मीटरवर. आमचे ११८ किलो, ट्रॅपीझवर, टेकूपासून साधारण ३.२ मीटरवर. बेरीज सुमारे ५५०. समोरच्या १५५ किलोच्या जोडीची बेरीज सुमारे ६७०. म्हणजे त्यांची धरून ठेवण्याची ताकद आमच्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने जास्त. ऐकायला मोठा फरक वाटतो. पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. तेच उलट बाजूने वाचलं, तर ताकदीतल्या पाचव्या हिश्श्याच्या फरकाचा वाऱ्याच्या वेगातला अर्थ फक्त नऊ-दहा टक्के. ती जोडी १६ नॉटला जिथे हतबल होते, तिथे आम्ही साडेचौदा नॉटला होतो. दीड नॉट! ३७ किलोच्या फरकाचा अर्थ दीड नॉट.

हे ढोबळ गणित आहे. लाटा, उंची, होडीचा वेग यात धरलेला नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. १८-२० नॉटच्या वाऱ्यात ती जोडीही हतबल असते आणि आम्हीही. त्यांनाही शिडाची ताकद कमी करावीच लागते. आम्हाला ती थोडी आधी आणि थोडी जास्त करावी लागते, एवढंच.

मग शिडाची ताकद कमी कशी करायची? आमच्या शर्यतींत शीड गुंडाळून लहान करत नाहीत. आहे तेवढंच शीड, पण त्याचा आकार बदलायचा. शिडाला पोट असतं. पोट जितकं सुटलेलं, तितकी ओढ जास्त. चाळिशीनंतर हा मुद्दा आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको. जोराच्या वाऱ्यात शिडाचं पोट आत घ्यायचं, ते पुढे डोलकाठीकडे सरकवायचं आणि शिडाचा वरचा भाग उघडा सोडायचा, म्हणजे उंचावरचा वारा तिथून निसटून जातो. उंचीवरचा वारा का घालवायचा, हे पुन्हा तरफच सांगते. तिथलं बल टेकूपासून सगळ्यात लांब असतं.

यातलं निम्मं काम किनाऱ्यावरच होतं. मी क्रमाने सांगते.

पहिलं, डोलकाठीचा कल. डोलकाठीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी तारा असतात. बाजूच्या तारांच्या खालच्या टोकाला भोकांच्या पट्ट्या असतात. भोकं बदलून आणि पुढच्या तारेची लांबी जुळवून डोलकाठी मागे कलवता येते. मागे कललेल्या डोलकाठीमुळे शिडाचा जोर खाली आणि मागे येतो, आणि होडीचं नाक वर राहायला मदत होते. पण त्याला मर्यादा आहे. फार कलवली की शीड खाली खेचणाऱ्या वरच्या आणि खालच्या कप्प्या एकमेकींना भिडतात, आणि मग शीड आणखी ताणताच येत नाही. जोराच्या वाऱ्यात नेमका तोच ताण लागतो. शिवाय होडी सारखी वाऱ्याकडे वळू बघते आणि सुकाणू जड होतं. सुकाणूची पाती खालून किंचित पुढे, होडीच्या पोटाखाली ओढून बसवली की हात हलका होतो.

दुसरं, पुढच्या लहान शिडाची उचलदोरी. त्याला जिब म्हणतात. ही दोरी घट्ट हवी. ती सैल राहिली तर जिबची पुढची कडा वाऱ्याने झोळीसारखी मागे जाते, आणि जिथे पोट नको तिथे पोट येतं.

तिसरं, मोठ्या शिडातल्या आडव्या पट्ट्या. त्या टोकाला बांधून ताणलेल्या असतात. जास्त ताणल्या की शीड फुगतं. जोराच्या दिवशी सुरकुत्या जातील इतकाच ताण ठेवायचा.

चौथं, तपासणी. प्रत्येक पिन, प्रत्येक कडी, ट्रॅपीझची तार, होडक्यांची बुचं. आणि डोलकाठी उभी करण्याआधी वर बघायचं, विजेच्या तारा आहेत का. आठ मीटरच्या ॲल्युमिनियमच्या काठीपुढे हे सांगायलाच हवं. पाण्यात गेल्यावर यातलं काहीही दुरुस्त होत नाही.

आता पाण्यावरचं. मोठ्या शिडाची पुढची कडा खाली खेचणारी दोरी म्हणजे डाउनहॉल. जोराच्या वाऱ्यात हिच्याइतकं कामाचं काही नाही. ती चांगली खाली खेचली की पोट पुढे सरकतं आणि शिडाची वरची मागची कडा उघडते. खालच्या दांड्यावरची दोरी शिडाचा खालचा कोपरा मागे ओढते, तीही ताणायची, म्हणजे खालचा भाग सपाट होतो.

मग येते मुख्य दोरी. तिला शीट म्हणतात. शीड वेगळं, शीट वेगळी. पहिले सहा महिने माझ्या मराठी कानांनी यात फार गोंधळ घातला. वारा वाढला की माणसाचा हात आपोआप शीट सैल सोडतो. भीतीने सुचणारी ती पहिली गोष्ट. पण वाऱ्यावर चढत जाताना ती अर्धवट सैल करून तशीच ठेवली की शिडाचं पोट पुन्हा सुटतं आणि होडी झुलू लागते. म्हणून शीट घट्टच ठेवायची आणि मागच्या दांड्यावरच्या रुळावर जो गाडा सरकतो, ज्याला ट्रॅव्हलर म्हणतात, तो पलीकडे सोडायचा. शीड सपाटच राहतं, फक्त त्याची दिशा बदलते. जिबचीही बाहेर सोडण्याची सोय असते. तिला थोडं बाहेर आणि मागे घ्यायचं, नाहीतर तिच्यावरून येणारा वारा मोठ्या शिडाच्या पाठीवर आपटतो.

वाऱ्याचा झोत आला तर? तर शीट हातभर सोडायची, होडी सावरली की लगेच परत ओढायची. यासाठी एक नियम आम्ही कधीही मोडत नाही: जोराच्या वाऱ्यात शीट कशालाही अडकवायची नाही. ती हातात. हात दुखला तरी हातात.

सगळ्यात धोक्याची वेळ वाऱ्यावर चढताना येत नाही, ती वळताना येते. शर्यतीत वरच्या खुणेला वळसा घालून वाऱ्याबरोबर परत फिरायचं असतं. त्या काही सेकंदांत होडी एकदम वेग घेते, शिडाचा जोर बाजूऐवजी पुढे लागतो, आणि पलीकडच्या होडक्याचं नाक पाण्यात घुसतं. ते घुसलं की मागची बाजू उचलली जाते आणि होडी कोलांटी मारते. म्हणून वळण्याआधी दोघींनी मागच्या टोकाला जायचं, ट्रॅव्हलर सोडायचा, जिब सैल करायची आणि न रेंगाळता वळायचं. अर्धवट वळून मध्येच थांबणं सगळ्यात वाईट.

उलटली तर काय? इथे आमच्या वजनाचा प्रश्न खरा टोचतो. उलटलेली हॉबी सिक्स्टीन सरळ करायला साधारण ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो वजन लागतं असं मानतात. आम्ही ११८. म्हणजे सडसडीत दोघी आपल्या ताकदीवर होडी उभी करतीलच याची खात्री नाही. त्यासाठी आम्ही एक पिशवी नेतो. उलटलेल्या होडीचं नाक वाऱ्याकडे आणायचं, पिशवीत पाणी भरायचं, दोरीने ती खांद्यावरून पाठीमागे घ्यायची आणि दोरीला धरून मागे रेलायचं. कमी पडणारं वजन समुद्राकडूनच उसनं घ्यायचं. हे आम्ही शांत पाण्यात, मुद्दाम होडी उलटवून, कितीतरी वेळा केलं आहे. उत्तर समुद्राचं पाणी मे महिन्यातही बोटं बधिर करतं. तिथे जाऊन शिकण्याची ही गोष्ट नाही.

माझ्याकडे एक वही आहे. प्रत्येक दोरीवर न पुसणाऱ्या शाईने खुणा केल्या आहेत, आणि वहीत तारीख, वारा, लाटा, कोणती दोरी कुठल्या खुणेवर, आणि काय झालं हे लिहिलेलं आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कोणामुळे फरक पडला ते कळत नाही. हे मात्र नोकरीतून आलं. एवढी सूट समितीने द्यावी.

गेल्या वर्षी क्लबच्या एका शर्यतीच्या दिवशी ब्यूफोर्ट मोजपट्टीवरचा ५ चा वारा होता, म्हणजे १७ ते २१ नॉट. चौदा होड्या निघाल्या. आम्ही सहाव्या आलो. वाऱ्यावर चढताना जड जोड्या आमच्या पुढेच होत्या, त्या असणारच. पण नऊ फेऱ्यांत आम्ही एकदाही उलटलो नाही, आणि उलटून परत उभं राहण्यात जो वेळ जातो, तो कोणत्याही वजनाने भरून निघत नाही. त्या दिवसानंतर किनाऱ्यावर थांबायचा सल्ला बंद झाला. आता विचारतात, "डाउनहॉल कुठल्या खुणेवर ठेवलाय?"

याचा अर्थ आम्ही कुठल्याही वाऱ्यात जातो असा नाही. वही म्हणते की २२ नॉटच्या पुढे, सहाचा वारा लागला, की आमच्याकडे कमी करण्यासारखं काही उरत नाही. सगळ्या दोऱ्या शेवटच्या खुणेवर असतात. मग आम्ही होडी वाळूवर बांधून ठेवतो आणि कॉफी पितो. फरक इतकाच, की थांबायचं ते आता आमच्या आकड्यावरून ठरतं. कोणाच्या काळजीवरून किंवा आम्ही बायका आहोत यावरून ठरत नाही. टेक्सेल बेटाला वळसा घालणारी सुमारे शंभर किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत १९७८ पासून होते. त्यात आम्ही अजून उतरलेल्या नाही. वहीत तेवढी पानं भरायची आहेत.

इथे बसलेल्या कोणाला वाटेल, हे परदेशातलं श्रीमंती वेड. तर आपल्या शेजारी गोव्याकडे बघा. गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेवरून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परतल्या. पुढे त्याच नौकेवर फक्त दोघी निघाल्या, लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा. २ ऑक्टोबर २०२४ ला गोवा सोडलं आणि मे २०२५ च्या अखेरीस परतल्या. दोघीच, दक्षिणेच्या महासागरांतल्या वाऱ्यात. त्यांची नौका मोठी, वारा वाढला की त्यांना शीड लहान करता येतं. पण वारा आपल्यापेक्षा मोठा आहे हे मान्य करून शीड त्याच्या मापाचं करणं, हे काम तेच.

आपल्याला भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते. आठवत असतील. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. उत्तर लिहून आपण दोन मार्क मिळवले. आपल्याच खाडीवर रोज दुपारी तो खारा वारा येत होता, आणि शिडाची होडी शिकायला याहून चांगला वारा नसतो: ठरलेल्या वेळी येणारा, बेताचा, किनाऱ्याकडे ढकलणारा.

म्हणून शेवटी एक ठोस गोष्ट. आपल्या तुकडीच्या निधीचं काय करायचं यावर दुपारी चर्चा आहे. संगणक कक्ष, पाण्याची टाकी, दोन्ही सूचना चांगल्या आहेत. माझी तिसरी. आठवी-नववीच्या मुलांना, आणि मुलींना, पोहणं आणि होडी शिकवायची. सुरुवात तीस लाइफ जॅकेटपासून. आपल्या वर्गातले तिघे अजून होडी चालवतात, शिकवणारे शोधायला लांब जायला नको. माझ्या वाट्याची रक्कम मी यासाठीच देणार आहे, आणि जानेवारीत रजा घेऊन येईन. वारा जास्त असला तर काय करायचं ते मी शिकवते. वारा नसला तर वल्ही कशी मारायची ते तुम्ही तिघांनी मला शिकवा.

तरफ शिकवणारे सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुमचा टेकू अजून धरून आहे.